हिटलरवर हसण्याआधी दचकावे लागते

"तुम्हा लोकांना विनोद कळत नाही" हे वाक्य आम्ही आजवर इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा राग येणेही आता बंद झाले आहे. गेल्या पावसाळ्यात एका शहरातल्या कार्यशाळेनंतर जेवणाच्या टेबलावर ते पुन्हा ऐकले. एका सुशिक्षित, नाटक-सिनेमाचा शौक असलेल्या गृहस्थांनी 'कोट्यातल्या डॉक्टर'चा तोच जुना विनोद सांगितला. टेबलावरचे चारजण हसले, आम्ही हसलो नाही. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितले की, "ज्यू लोकांकडे बघा. त्यांच्यावर केवढा अत्याचार झाला! तरी त्यांनी हिटलरवर विनोदी सिनेमा काढला. 'द प्रोड्यूसर्स' बघा. विनोदाला कसली मर्यादा नसते. तुम्ही मात्र अजून दुखावण्यातच अडकलेले आहात."

चित्रपटाचे नाव ऐकून होतो, पाहिला नव्हता. म्हणून पाहिला. एकदा एकट्याने, आणि मग वस्तीतल्या अभ्यासिकेत विशीतल्या पंधरा-वीस मुलामुलींबरोबर. भिंतीवर पांढरी चादर, कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, आणि खाली इंग्रजी अक्षरे. चित्रपट पाहिल्यावर आमचे ठाम मत झाले आहे की त्या गृहस्थांनी एक तर तो पाहिलेला नाही, किंवा पाहताना ते झोपले होते. कारण ज्या गोष्टीच्या समर्थनासाठी ते या चित्रपटाचा दाखला देत होते, नेमक्या त्याच गोष्टीच्या विरोधात हा चित्रपट उभा आहे.

आधी गोष्ट सांगतो, कारण अनेकांनी पाहिला नसेल. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मॅक्स बियालिस्टॉक नावाचा एक नाट्यनिर्माता आहे. एकेकाळी मोठा होता, आता पार उतरला आहे. श्रीमंत म्हाताऱ्या विधवांशी लाडीगोडी करून तो त्यांच्याकडून नाटकासाठी चेक मिळवतो. त्याचे हिशेब तपासायला लिओ ब्लूम नावाचा घाबरट लेखापाल येतो. लहानपणच्या निळ्या पांघरुणाचा तुकडा अजून खिशात बाळगणारा. मागच्या नाटकात मॅक्सने खर्चापेक्षा दोन हजार डॉलर जास्त गोळा केले होते, हे लिओच्या लक्षात येते आणि तो सहज बोलून जातो की, चाललेल्या नाटकापेक्षा पडलेल्या नाटकात निर्मात्याला जास्त पैसा मिळू शकतो. नाटक पडले की गुंतवणूकदार पैसे विसरून जातात, हिशेब कुणी मागत नाही. मॅक्सचे डोळे चमकतात. ठरते असे की, जगातले सर्वांत वाईट नाटक शोधायचे, त्याचे पंचवीस हजार टक्के हिस्से विकायचे, पहिल्याच रात्री ते आपटवायचे आणि पैसे घेऊन ब्राझीलला पळायचे. ते वाईट नाटक त्यांना सापडते एका वेड्या नाझीकडे. फ्रान्झ लीबकिंड. हा माणूस न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर जर्मन शिरस्त्राण घालून कबुतरे पाळतो आणि हिटलर किती गोड माणूस होता हे जगाला सांगण्यासाठी त्याने 'स्प्रिंगटाइम फॉर हिटलर' नावाचे नाटक लिहिले आहे. सर्वांत वाईट दिग्दर्शक आणि सर्वांत वाईट नट निवडला जातो. आणि नाटक तुफान चालते! लोकांना ती थट्टा वाटते. निर्माते तुरुंगात जातात, आणि तिथेही कैद्यांचे नाटक बसवून त्याचे हिस्से मर्यादेबाहेर विकू लागतात. जेलरलासुद्धा!

आता हा विनोद कुणाचा आहे ते बघू. मेल ब्रूक्स, मूळ नाव मेल्विन कामिन्स्की, १९२६ साली ब्रुकलीनमधल्या गरीब ज्यू कुटुंबात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्यातून युरोपात गेला, आणि तिथे त्याच्या तुकडीचे काम होते जमिनीत पेरलेले सुरुंग काढण्याचे. म्हणजे ज्या हिटलरवर त्याने विनोद केला त्या हिटलरच्या सैन्याने पेरलेले सुरुंग त्याने आधी उपसले होते. मॅक्सची भूमिका करणारा झीरो मोस्टेल हाही ज्यू. १९५० च्या दशकात अमेरिकेत डाव्या विचारांच्या कलावंतांची जी शिकार झाली तिच्यात तो सापडला. १९५५ साली त्याला संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे केले गेले, सहकाऱ्यांची नावे सांग म्हणून. त्याने नावे सांगितली नाहीत, उलट समितीचीच टिंगल केली. याची किंमत त्याने अनेक वर्षे सिनेमातले काम गमावून चुकवली. पडलेल्या, उधारीवर जगणाऱ्या, कळकट ऑफिसात राहणाऱ्या निर्मात्याची भूमिका हा माणूस करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जी भूक दिसते ती त्याला कुठे शोधायला जावे लागली नसेल.

हे दोघे हिटलरवर विनोद करतात. जेवणाच्या टेबलावरच्या आमच्या गृहस्थांनी विनोद केला तो कोट्यातल्या डॉक्टरवर. दोन्हींना 'विनोद' हा एकच शब्द लावल्याने दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. काठी दोघांच्याही हातात असते, गुराख्याच्या आणि दरोडेखोराच्याही.

चित्रपटात ज्यूंच्या छळावर एकही विनोद नाही, हेही आमच्या गृहस्थांच्या लक्षात आलेले दिसत नाही. छळछावणी नाही, गॅस चेंबर नाही, पिवळा तारा नाही. ब्रूक्सने मेलेल्यांना हात लावलेला नाही. त्याने मारणाऱ्याला धरले आहे, त्याचा गणवेश, त्याची मिशी, त्याचे संचलन. चार्ली चॅप्लिनने १९४० साली 'द ग्रेट डिक्टेटर' काढला. पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने स्पष्ट लिहिले की छळछावण्यांतले खरे भयानक प्रकार तेव्हा माहीत असते तर तो चित्रपट आपल्या हातून झाला नसता. जगातला सर्वांत मोठा विनोदवीर असे म्हणतो. त्याला कुणी म्हणाले नाही की तुला विनोद कळत नाही! मर्यादा ही विनोदाची शत्रू नसते. कुणाच्या अंगावर पाय द्यायचा नाही हे ज्याला ठाऊक असते त्यालाच नीट नाचता येते.

ब्रूक्सने एक धोका मात्र पत्करला आहे, आणि त्याबद्दल आम्हाला त्याचे कौतुक वाटते. त्याचे दोन्ही नायक नावावरून आणि वागण्यावरून ज्यू आहेत, आणि ते पैशाचे लफडे करतात. 'ज्यू म्हणजे लबाड, पैशाला चटावलेला' हाच तर नाझींचा प्रचार होता. ब्रूक्सने ते चित्र बिनधास्त उचलले आणि मॅक्सला इतका भरभरून, इतका हपापलेला आणि इतका माणूस केला की त्या प्रचाराची हवाच गेली. आपल्या समाजातला लबाड कार्यकर्ता रंगवायची हिंमत आपल्या किती लेखकांत आहे? दलित साहित्यात ती परंपरा आहे, पण सभेच्या मंचावर ती गायब होते. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आणि एक प्रसंग. फ्रान्झची सही मिळवण्यासाठी मॅक्स आणि लिओ दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधून घेतात. बाहेर रस्त्यावर आल्यावर लिओला ती लपवावीशी वाटते. दोघे पट्ट्या काढून कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणि त्यावर थुंकतात. अर्ध्या मिनिटाचाही प्रसंग नाही. पण पैशासाठी माणूस काय काय दंडावर बांधतो आणि ते काढून टाकले तरी काय शिल्लक राहते, हा सगळा प्रश्न त्यात आहे. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या वस्तीत कोणकोणते पट्टे कुणाच्या गळ्यात दिसतात हे आठवून अभ्यासिकेतली मुले इथे खूप हसली. थुंकण्याचे दृश्य आपल्याकडे बहुधा चित्रित व्हायचे बाकी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नाटकाची पहिली रात्र. पडदा उघडतो, गाणे सुरू होते, चकाचक कपड्यांतल्या मुली, काळ्या गणवेशातले नर्तक, आणि शेवटी सगळे मिळून एक फिरणारे स्वस्तिक तयार करतात, कॅमेरा ते वरून दाखवतो. मग कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो. सगळ्यांची तोंडे उघडी! कुणी हलत नाही. एकजण टाळ्या वाजवतो तर बाजूचे त्याला मारतात. लोक उठून जाऊ लागतात. मॅक्स आणि लिओ खूश होऊन समोरच्या बारमध्ये दारू प्यायला जातात. त्यानंतर रंगमंचावर हिटलर म्हणून एल.एस.डी. नावाचा गांजेकस हिप्पी येतो, त्याला धड वाक्ये बोलता येत नाहीत, आणि मग पहिल्यांदा कुणीतरी हसते. निघालेले लोक परत खुर्चीत बसतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दचकणे, मग हसणे. ते दचकणे आकाशातून पडत नाही. १९६८ च्या मार्चमध्ये हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा युद्ध संपून तेवीस वर्षे झाली होती. त्या काळात न्यूरेंबर्गचे खटले झाले होते, १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनचा खटला उभा राहिला होता आणि वाचलेल्या माणसांनी एकामागून एक साक्षी दिल्या होत्या, १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टमध्ये आउशवित्झचा खटला चालला होता. त्या थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत होते की स्वस्तिक म्हणजे साठ लाख ज्यू. एवढे दुःख, एवढी साक्ष, एवढी न्यायालये यांच्या पायावर तो विनोद उभा आहे. पाया काढून घ्या, वर काय उरते? सुंदर कपडे, कडक संचलन आणि चांगली चाल.

आमच्या अभ्यासिकेत नेमके हेच घडले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. फिरणारे स्वस्तिक पडद्यावर आले तेव्हा आमच्या मुलांपैकी कुणीही दचकले नाही. मागून एकजण म्हणाला, "कोरिओग्राफी भारी आहे." स्वस्तिक आपल्याकडे उंबरठ्यावर असते, रांगोळीत असते, वहीच्या पहिल्या पानावर असते, त्यामुळे डोळ्याला ते भीतीचे चिन्ह वाटतच नाही. पण गोष्ट केवळ चिन्हाची नाही. चित्रपट संपल्यावर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका हुशार मुलाने विचारले, "दादा, हिटलर एवढा वाईट होता तर त्याचं पुस्तक स्टेशनबाहेर का विकतात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तो म्हणतो ते खरे आहे. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर आपल्या फुटपाथवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या आणि श्रीमंत कसे व्हावे याच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. कडक मुख्याध्यापकाला आपण 'हिटलर' म्हणतो, आणि त्यात निम्मी तक्रार असली तरी निम्मे कौतुक असते. २०११ साली आपल्या टीव्हीवर 'हिटलर दीदी' नावाची मालिका लागली आणि घरोघर पाहिली गेली. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे, त्याचा फोटो लावलेले उपाहारगृह उघडले होते. मुंबईतल्या ज्यू समाजाने निषेध केला तेव्हा कुठे काही दिवसांनी नाव बदलले गेले. हा ज्यू समाज म्हणजे कोण? त्यांच्यातले बहुसंख्य बेने इस्रायली, कोकणात शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ज्यांना गावाने 'शनिवार तेली' म्हटले, घरात मराठी बोलणारे लोक. आपल्याच भाषेतल्या माणसांना जाऊन सांगावे लागले की बाबांनो, या नावाने आम्हाला काय होते. आणि ज्यांना सांगावे लागले त्यांचा बचाव काय असतो? लक्ष वेधणारे नाव होते, बाकी काही नव्हते. म्हणजे पुन्हा तेच. गंमत होती हो, तुम्ही फारच मनाला लावून घेता!

ज्या समाजाला हिटलर हे 'कडक शिस्त' या शब्दाचे दुसरे नाव वाटते त्या समाजात 'द प्रोड्यूसर्स'चा विनोद चालूच शकत नाही. तिथे फ्रान्झ लीबकिंडचे नाटक थट्टा म्हणून चालणार नाही, सरळ नाटक म्हणून चालेल. टाळ्या वाजवणाऱ्या त्या एका माणसाला कुणी मारणार नाही, त्याच्या सुरात सूर मिसळतील. म्हणून 'विनोदाला मर्यादा नसते' म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, आधी इतिहास शिकवा. अत्याचार झाला हे मान्य करा, साक्षी ऐका, दोषींना न्यायालयात उभे करा. मग तेवीस वर्षांनी विनोदाचे बघू. ज्यांचे खटले अजून उभेच राहिले नाहीत त्यांच्या जखमेवर हसून दाखवा असे म्हणणे हा विनोद नाही.

इथवर आम्ही चित्रपटाची बाजू घेतली. पण चळवळीतल्या माणसाने कुठलीही गोष्ट डोक्यावर घेऊन नाचू नये. या चित्रपटात दोन गोष्टी आम्हाला खटकल्या, आणि त्या लहान नाहीत.

पहिली गोष्ट फ्रान्झची. तो मूर्ख आहे, गचाळ आहे, कबुतरांशी बोलतो, स्वतःवर गोळी झाडायला जातो तर बंदूक रिकामी निघते. नाझी इतका हास्यास्पद दाखवला की प्रेक्षक निवांत होतो. पण नाझी असे होते का? हा चित्रपट पहिल्यांदा २२ नोव्हेंबर १९६७ ला पिट्सबर्गमध्ये दाखवला गेला. त्याआधी तेराच दिवस, ९ नोव्हेंबरला, अमेरिकेचे प्रचंड सॅटर्न पाच रॉकेट पहिल्यांदा आकाशात उडाले होते. त्याचा मुख्य शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन. हा नाझी पक्षाचा सभासद आणि एसएसचा अधिकारी होता. त्याने हिटलरसाठी बनवलेली व्ही-दोन क्षेपणास्त्रे मिटेलबाऊ-डोरा छावणीतल्या कैद्यांच्या वेठबिगारीतून तयार झाली आणि त्या कामात हजारो कैदी मेले. युद्ध संपल्यावर अमेरिकेने त्याला शिक्षा केली नाही, नोकरी दिली. हान्स ग्लोब्के नावाचा कायदेपंडित होता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर, म्हणजे ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणाऱ्या आणि त्यांच्याशी लग्न करणे गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांवर, त्याने भाष्य लिहिले. तो पुढे १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा प्रमुख होता. लग्नबंदीच्या कायद्यावर पंडिताने भाष्य लिहायचे, आणि राज्य बदलले तरी पंडिताने खुर्चीत राहायचे! हे वाचून आपल्या वाचकांना वेगळे काही सांगायची गरज नाही.

म्हणजे ज्या काळात ब्रूक्स गच्चीवरच्या वेड्या नाझीला हसत होता त्या काळात शहाणे नाझी प्रयोगशाळेत आणि सचिवालयात बसले होते. त्यांना कुणी हसत नव्हते, त्यांना पगार मिळत होता. खुद्द न्यूयॉर्कमध्ये १९३९ च्या फेब्रुवारीत मॅडिसन स्क्वेअर गार्डनला अमेरिकन नाझीसमर्थकांची सभा भरली होती आणि वीस हजारांवर लोक आले होते. वीस हजार माणसे काही कबुतरे पाळणारी वेडी नव्हती. नोकरदार, दुकानदार, मुलाबाळांची माणसे होती. जातीयवादी माणूस म्हणजे शिव्या देणारा, अडाणी, गावंढळ पाटील हे जसे हिंदी सिनेमाने आपल्या डोक्यात बसवले, आणि त्यामुळे मुलाखत घेणारा गोड बोलणारा प्राध्यापक त्या चौकटीतून सुटून गेला, तसेच हे आहे. मूर्ख शत्रू दाखवणे ही प्रेक्षकाला दिलेली सूट असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हिटलरपुढे ताठ उभा राहणारा ब्रूक्स बाई दिसली की वाकतो. उल्ला नावाची स्वीडिश तरुणी मॅक्स ऑफिसात ठेवतो. तिला इंग्रजी येत नाही. काम कर म्हटले की ती नाचते, बस्स. आमच्यातली एक मुलगी, जी स्वतः एका ऑफिसात फोन घेण्याचे काम करते, म्हणाली, "तिला कामावर ठेवलंय, पण काम दिलंच नाही." यापेक्षा नेमकी समीक्षा आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. ज्या म्हाताऱ्या विधवांचे पैसे बुडाले त्यांच्या तर वयाचीच टिंगल आहे. त्यांना स्पर्श हवा आहे, जवळीक हवी आहे, हेच हसण्यासारखे! आणि शेवटी न्यायालयात लिओ भाषण करतो की मॅक्स नसता तर या बायकांच्या आयुष्यात काय उरले असते? ज्यांना लुटले त्याच लुटणाऱ्याच्या उपकारात! हा युक्तिवाद आपल्या गावच्या मालकाच्या ओट्यावर आपल्या आजोबांनी ऐकलेला आहे.

त्याहून वाईट आहे ते दिग्दर्शक रॉजर डी ब्री आणि त्याचा सोबती कारमेन घिया यांचे चित्रण. दोघे समलिंगी आहेत, आणि तेवढाच त्यांचा विनोद आहे. एकाने बाईचा पोशाख घातला आहे, दुसरा लचकत चालतो, प्रेक्षकांनी हसायचे. आता इतिहास बघा. नाझींनी जर्मन दंडसंहितेचे कलम १७५ अधिक कडक केले आणि हजारो समलिंगी पुरुषांना गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत पाठवले. ज्यू कैद्याच्या छातीवर पिवळा तारा, यांच्या छातीवर गुलाबी त्रिकोण. युद्ध संपले, छावण्या उघडल्या, पण नाझींनी कडक केलेले ते कलम पश्चिम जर्मनीत तसेच चालू राहिले, थेट १९६९ पर्यंत. म्हणजे हा चित्रपट लागला तेव्हा हिटलरचा तो कायदा अजून लागू होता! हिटलरची टिंगल करायला बसलेल्या चित्रपटाने हिटलरच्याच दुसऱ्या बळीची टिंगल केली, आणि हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

काही मित्र म्हणाले, तो काळ तसा होता. मान्य. पण काळ सर्वांसाठी एकच असतो का? त्याच न्यूयॉर्क शहरात पुढच्याच वर्षी, जून १९६९ मध्ये, स्टोनवॉल नावाच्या बारमध्ये पोलीस शिरले तेव्हा समलिंगी आणि पारलिंगी लोकांनी पोलिसांना परत मारले. ज्यांच्यावर सगळा ब्रॉडवे हसत होता त्यांचा काळ त्यांना पुरेसा समजला होता. 'काळ तसा होता' हे वाक्य नेहमी वरच्या मजल्यावरून येते. खालच्या मजल्यावर तेव्हाही कुणीतरी ओरडत असते.

आणि हे आम्ही केवळ ब्रूक्ससाठी लिहीत नाही. आपल्या जलशांत, आपल्या व्हॉट्सॲप गटांत, आपल्या नाक्यावर बायकांवर आणि तृतीयपंथी माणसांवर जे विनोद चालतात त्यांची यादी केली तर आपणही कोट्यावरच्या विनोदाला 'आम्ही हसलो नाही' म्हणण्याचा अधिकार किती दिवस राखू? स्वतःवर झालेला अन्याय दुसऱ्यावरच्या अन्यायाचे डोळे आपोआप उघडतो, असे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षी आम्हालाही वाटायचे. तसे होत नाही. ब्रूक्सचे झाले नाही, आपलेही होत नाही. ते मुद्दाम शिकावे लागते.

पैशाची गोष्ट राहिली, खरे तर चित्रपट तिच्याविषयीच आहे. ब्रूक्सला चित्रपटाचे नाव 'स्प्रिंगटाइम फॉर हिटलर' ठेवायचे होते. ते चालले नाही, थिएटरच्या पाटीवर हिटलरचे नाव नको म्हणून. (स्वीडनमध्ये मात्र तो त्याच अर्थाच्या नावाने लागला आणि गंमत म्हणजे पुढे ब्रूक्सच्या इतर चित्रपटांनाही तिथे 'अमक्याचा वसंत', 'तमक्याचा वसंत' अशीच नावे दिली गेली.) पिट्सबर्गला तो पडला. मग नट पीटर सेलर्सने तो खासगीत पाहिला, स्वतः जाहिरात देऊन त्याची स्तुती केली आणि चित्रपटाला उभारी मिळाली. सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर ब्रूक्सला मिळाले. २००१ साली त्याने त्याचेच संगीत नाटक करून खऱ्या ब्रॉडवेवर आणले. त्याला बारा टोनी पुरस्कार मिळाले, हा विक्रम होता, आणि चांगल्या खुर्च्यांची तिकिटे चारशे ऐंशी डॉलरला विकली जाऊ लागली. एका तिकिटाला चारशे ऐंशी डॉलर! मॅक्स बियालिस्टॉकने एवढी लबाडी करून जे जमवले नाही ते हिटलरच्या नाचाने सरळ तिकीटबारीवर जमवले.

ही ब्रूक्सची हार आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट त्याच्या चित्रपटाने हे आधीच सांगून ठेवले होते. नीट बघा, त्या नाटकाने रंगमंचावरच्या हिटलरचे काय बिघडते? काहीच नाही. प्रेक्षक मध्यंतरात बारमध्ये येतात, पेला हातात घेतात, 'काय धमाल आहे' म्हणतात आणि उरलेले बघायला परत जातात. कुणी बदलत नाही, कुणी घरी जाऊन विचार करत नाही. धक्का बसलेला माणूस पाच मिनिटांत गिऱ्हाईक होतो. 'हसण्याने फॅसिझम हरतो' असे जे म्हणतात त्यांनी हा बारचा प्रसंग पुन्हा पाहावा. हसण्याने भीती कमी होते, हे खरे आहे आणि ते कमी नाही. आपल्या शाहिरांनी पाटलाच्या मिशीवर गाणी रचली तेव्हा वस्तीतल्या पोरांची मान वर झाली. पण हिटलर हरला तो सैन्याने आणि सुरुंग काढणाऱ्या पोरांनी. त्यांच्यापैकीच एकाने नंतर विनोद केला.

अभ्यासिकेत पुढच्या रविवारी आम्ही सिनेमा लावला नाही. न्यूरेंबर्ग कायदे काय होते ते फळ्यावर लिहिले. कुणाला नागरिक म्हणायचे, कुणाशी लग्न करता येणार नाही, कुणाच्या घरात कुणी मोलकरीण म्हणून राहायचे नाही. हे सगळे कायद्याच्या भाषेत, कलमांत, थंडपणे लिहिलेले होते. मुलांनी स्वतःच दोन-तीन ठिकाणी थांबवले आणि आपापसात बोलू लागली. छावण्यांचे काही फोटो दाखवले, फार नाही. मग तासाभराने चादर लावून फक्त तो एक नाच पुन्हा दाखवला. वरून फिरणारे स्वस्तिक आले तेव्हा पंखा तेवढा ऐकू येत होता. कोरिओग्राफीबद्दल कुणी बोलले नाही. पुस्तकाबद्दल विचारणारा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मग तो गांजेकस हिटलर आला, वाक्य विसरला, आणि सगळी खोली एकदम फुटली. आम्हीही हसलो.

त्या गृहस्थांना आम्ही निरोप पाठवला आहे. चित्रपट पाहिला, दोनदा पाहिला, चांगला आहे, सांगितल्याबद्दल आभार. आणि जमल्यास तुम्हीही एकदा बघा.